सगळ्या वर्गाचा एकच पत्ता

माझ्या ओट्यावर उजळणीला बसलेल्या पोरांना मी एकेक करून विचारलं, "तुझं घर कुठं आहे?" आणि सगळ्यांनी मला एकच घर सांगितलं. घर कसलं, बंगला. प्लॉट नंबर सतरा, पुढं एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचं नाव, मग स्टेशन रोड, औरंगाबाद आणि शेवटी पिनकोड. संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं अजून लोक राहतात आणि त्यांचा यात काही दोष नाही. एका घराचा होता, त्याच्याकडे येतेच.

ही पोरं औरंगाबादच्या लष्करी छावणीतली. कुणी गिरणीमागं राहायचं, कुणी शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर, एकाचं घर तर टांग्याच्या तबेल्याला लागून होतं आणि तो यायच्या आधी घोड्याचा वास यायचा. ओट्यावरून हाक मारली तर प्रत्येकाच्या घरातून ओ यावी एवढ्या अंतरातली सगळी. पहिलीतली असल्यामुळं बहुतेकांचे पुढचे दात पडलेले, त्यामुळं 'गृहनिर्माण' हा शब्द अर्धा तोंडातून आणि अर्धा फटीतून बाहेर यायचा. पहिल्यांदा मला हसूच आलं. तबेल्याशेजारच्या पोराला मी म्हटलं, "अरे, तुझं घर ते काय समोर दिसतंय. तुझी आजी दारात बसलीय बघ." त्यानं आजीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मला समजावून सांगितलं, "ते घर हाय, बाई. हा पत्ता हाय."

माझं हसू तिथंच थांबलं.

आता या विषयाला जीवनकौशल्यं म्हणतात. त्या वेळी 'सामान्य माहिती व चांगल्या सवयी' असं लांबलचक नाव होतं आणि पहिली-दुसरीला त्याची तोंडी परीक्षा असायची. शर्टाची बटणं लावणं, बुटाची नाडी बांधणं, जेवणाआधी हात धुणं, रस्ता ओलांडणं, आपलं नाव-गाव-पत्ता सांगणं, एवढाच अभ्यास. मी लग्नाआधी नगरपालिकेच्या शाळेत काही वर्षं शिकवलेलं होतं. नवरा छावणीतल्या लष्करी कचेरीत कारकून, त्यामुळं राहायला इथंच. परीक्षा जवळ आल्या की गल्लीतल्या बाया आपापली पोरं दुपारी माझ्या ओट्यावर आणून बसवायच्या. मलाही घरात बसून राहायचा कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर लहान पोरांवर ओरडायला मला आवडायचं. ती मनावर घेत नाहीत.

माझी पद्धत साधी होती. तोंडानं काही म्हणायचं नाही, करून दाखवायचं. हात धुवायचे म्हणजे बादलीतलं पाणी घ्यायचं, साबण लावायचा आणि मी वास घेऊन बघणार. 'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत' हे वाक्य ही पोरं इतक्या गोड चालीवर म्हणायची, आणि म्हणताना नखांत अख्खी छावणी भरलेली असायची. बुटाची नाडी बांधायला गल्लीत कुणाच्या पोराला नाडीचे बूट नव्हते, सगळी चपलेवाली. मग मी नवऱ्याच्या कचेरीतून एक टाकाऊ लष्करी बूट मागवला. एकच, डावा. तो मांडीवर घेऊन सगळी पोरं नाडी बांधायला शिकली. गिरणीमागं राहणारी एक पोर त्यात इतकी तरबेज झाली की डोळे मिटून गाठ मारायची आणि मग इतरांच्या गाठी तपासत हिंडायची. मी तिला गिरणीमागचीच म्हणायचे आणि इथंही तेच म्हणते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच गुदरलं.

तर त्या पत्त्याचा उलगडा करायला मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. शाळा खाजगी, नवी, वर पत्रे. वर्गाच्या बाहेर उभी राहिले तोच आतून तो पत्ता ऐकू आला. वर्गशिक्षिका म्हणत होत्या, "प्लॉट नंबर?" आणि सगळा वर्ग, "सतरा". बाई अर्धं म्हणणार, पोरं उरलेलं पूर्ण करणार. सगळा अभ्यास याच तालात चालायचा. पाढेही तसेच, कविताही तशाच आणि आता आपलं राहतं घरही तसंच.

शिक्षिका तरुण होत्या, घसा बसलेला. मी विचारलं, "अहो, ही पोरं काय सगळी एका घरात राहतात?"

त्या म्हणाल्या, "एका सुरात म्हणून घ्यायचं तर एकच पत्ता लागतो ना. प्रत्येकाचा वेगळा घेत बसले तर पोर्शन कधी संपवू?"

"मग हा कुणाचा?"

"पहिल्या बाकावरच्या मुलीचा. तिचा तेवढा नीट होता, नंबरबिंबरसकट. तुमच्या गल्लीतली मुलं विचारलं की सांगतात, गिरणीच्या मागं. हा काय पत्ता झाला?"

पहिल्या बाकावरच्या मुलीचे वडील शाळेच्या समितीवर होते, हे मला नंतर कळलं. त्या वर्षी शाळेला अनुदान मिळायचं होतं आणि तोंडी परीक्षेला तपासणीचे साहेब स्वतः येऊन बसणार होते. साहेबांनी कुठल्याही पोराला उठवावं आणि पोरानं न अडखळता पत्ता सांगावा, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. तो पत्ता त्या पोराचा आहे का, हे बघायला साहेब थोडेच घरी जाणार होते.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, एवढी परीक्षा होऊन जाऊ द्या. मग तुम्हाला काय शिकवायचं ते शिकवा." मी म्हटलं, "पोर परीक्षेच्या आधी हरवलं तर?" ते हसले. मी चहा न पिता उठले, आणि चहा न पिणं हा त्या काळी बऱ्यापैकी मोठा अपमान होता. त्यांनी तो लक्षातही घेतला नाही.

त्या दिवसापासून मी ओट्यावर दुसरं काही घेतलं नाही. एकेका पोराला गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभं करायचं आणि म्हणायचं, चल, मी पाहुणी आहे, मला तुझ्या घरी ने. बोलत बोलत न्यायचं. गिरणीमागचीनं मला नेलं ते असं: "हा लोखंडी पुलाकडनं आलेला रस्ता. हितं पाण्याची टाकी. हितं चक्कीचा आवाज येतो, त्या आवाजाकडं चालायचं. मग चक्कीच्या मागं निळं दार." दार तिच्या वडलांनी उरलेल्या रंगात रंगवलं होतं आणि अख्ख्या गल्लीत तसं दुसरं नव्हतं, याचा तिला कोण अभिमान. मी तिला त्यात छावणी आणि वडलांचं नाव घालायला शिकवलं. दोन दुपारींत तिला ते आलं. येणारच. तिचंच घर होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे वडील आले. लासूर स्टेशनकडचं कुटुंब, शहरात येऊन फार दिवस झाले नव्हते. ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. टोपी हातात घेऊन ओट्याखालीच उभे राहिले.

"बाई, रागावू नका. पण पोरीला दोन दोन पत्ते कामून शिकवता?"

"एक खरा आहे म्हणून."

"व्हय, पर परीक्षेत खोटा लागतो ना. काल वर्गात म्हणून दाखवताना तिनं प्लॉट नंबर सतरा, निळं दार असं म्हणलं. शाळेच्या बाईनं रागं भरलं तिला. या परीक्षेवर दुसरीची तुकडी ठरणार हाय. ती अ तुकडीत गेली पायजे. आमच्यात शाळेत गेलेली ती पहिलीच."

मी म्हटलं, "अहो, उद्या पोर हरवली तर ती त्या बंगल्यावर जाईल."

"हरवंल कशी? तिची माय हाय की संगं."

मी आवाज चढवला. ते चढवत नव्हते, त्यामुळं माझा आणखी चढला. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "परीक्षेपत्तुर नाय पाठवत तिला. मग पाठवतो." आणि गेले. मला त्या माणसाचा राग आला होता, हे मी लपवणार नाही. पण राग त्याच्यावर काढून उपयोग नव्हता, हेही कळत होतं, म्हणून जास्तच चडफडत होते. जो माणूस स्वतः दार रंगवतो त्याला ते दार पोरीनं सांगू नये असं वाटायला लावणाऱ्यांचं काय करायचं, ते मला कुणी सांगावं.

परीक्षा दोन दिवसांवर आली. शाळेनं फर्मान काढलं होतं की मुलींनी पांढऱ्या रिबिनी घालून यायचं, साहेब येणार आहेत. गिरणीमागची आणि तिची आई रिबिनी घ्यायला औरंगपुऱ्यात गेल्या. लग्नसराई. साड्यांच्या दुकानांसमोर स्कूटरी आडव्यातिडव्या लावलेल्या, हातगाड्या, रिक्षा, आणि त्यातून वाट काढणारी माणसं.

दुपारी उन्हाची मी ओट्यावर पोरांची बटणं तपासत होते, तर ती बाई धापा टाकत आली. पदर खांद्यावर नव्हता, पायात एकच चप्पल.

"बाई, पोरगी हातातून सुटली. रिबिनी बघत व्हते, वळून पाहिलं तर नाय. समदा औरंगपुरा पालथा घातला. ती घरी आली का?"

ती घरी आली नव्हती. तिला वाटलं होतं, पोर कदाचित चालत येईल. चौकीत जायची तिला भीती वाटली, नवरा मोंढ्यात, म्हणून ती माझ्याकडे आली होती. गल्लीतल्या बाया जमल्या, कुणी मिल कॉर्नरपर्यंत बघून येते म्हणाली, कुणी देवाला नारळ बोलली. मी आत जाऊन पायात चपला सरकवल्या, तिला हाताला धरून रस्त्यावर आणलं आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? मी प्लॉट नंबर सतरापासून पिनकोडपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. मला पाठ होतं. तोपर्यंत अख्ख्या गल्लीला झालं होतं.

वाटेत ती दोनदा म्हणाली, "बाई, हिकडं कुठं चाललो? पोरगी औरंगपुऱ्यात हरपलीय." मी म्हटलं, "तुमच्या पोरीच्या पत्त्यावर चाललोय." हातातली रिबिनीची पुडी तिनं इतकी आवळली होती की कागद फाटला.

बंगल्याच्या फाटकाशी एक रिक्षा उभी होती. रिक्षावाला तिच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. आणि आत, व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर, उन्हात, गिरणीमागची बसलेली. हातात एक बिस्कीट, न खाल्लेलं. वर व्हरांड्यात झोपाळ्यावर घरची बाई वाटाणे सोलत होती.

आम्हाला बघून रिक्षावाला उठला आणि आधी स्वतःची सफाई द्यायला लागला. "बाई, मेरी कुछ गलती नै. चौक में हवालदार के पास खड़ी थी. उसकू इत्ता साफ पता बोली, हवालदार खुश होके मेरी रिक्षा में बिठा दिया, बोला छोड़के आ. इधर लाया तो ये बोलते, हमारी नैच. मैं क्या करूं? चौकी में लेके गया तो पैले मेरेकूच बिठाएंगे, पूछेंगे किसकी बच्ची लाया." म्हणून तो बसून राहिला होता. पोरीला सोडून जाववत नव्हतं आणि घेऊन जायची हिंमत नव्हती.

म्हणजे सगळं शाळेच्या उत्तराबरहुकूम झालं होतं. 'हरवलात तर काय कराल? मी घाबरणार नाही. मी पोलीसकाकांना माझे नाव व पत्ता सांगेन.' ती घाबरली नव्हती. पोलीसकाका सापडले होते. पत्ता सांगितला होता. त्यांनी तो ऐकला होता. एकाही माणसानं चूक केली नव्हती आणि पोर भलत्याच्या दारात बसली होती.

आईनं तिला छातीशी धरलं. पोर रडली नाही. तिनं आईच्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "आई, मी एकदाबी चुकले नाय."

तेवढ्यात आतून पहिल्या बाकावरची मुलगी बाहेर आली, झोपेतून उठून, गालावर उशीच्या रेघा. गिरणीमागचीला बघून तिनं आपल्या आईला सांगितलं, "अगं, ही आमच्या वर्गातली. ती बरोबरच बोलली. आमच्या वर्गात सगळे आपल्याच घरी राहतात." त्या पोरीचा काय दोष. तिला ते आवडलंच होतं.

घरची बाई हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं, गंमत वाटली म्हणून हसली. "म्हणून मघापासून सांगतेय होय, हे माझंच घर म्हणून. मी म्हटलं, काहीतरी भलतीच पोर आलीय. दोनदा सांगितलं, बाळ, तू आमची नाहीस, तरी ऐकेना. बिस्कीट दिलं मी तिला."

मी विचारलं, "कधीपासून बसलीय ही?"

"झाला असेल तासभर. हे आले की पोलिसांना फोन करायला सांगणारच होते."

खिडकीतून मला दिवाणखान्यातला फोन दिसत होता, भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला. त्या रुमालावर मोर होता. तो मोर बघून मला जे काही झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. उन्हात का बसवलंत, आत पंखा फिरतोय तिथं का नाही, हे नक्की म्हटलं. फोन तुमच्या नवऱ्याशिवाय लागत नाही का, हेही म्हटलं. त्या बाईचं हसू गेलं आणि ती म्हणाली, "अहो, अनोळखी पोराला घरात कसं घेणार? उद्या काही झालं म्हणजे?" आणि ज्या आईचं पोर तासभर उन्हात बसवलं होतं ती आई फाटकाशी उभी राहून त्या बाईला हात जोडत होती. "लई उपकार झाले, बाईसाहेब." मी तिचे हात धरून खाली केले. मला तिचाही राग आला, आणि तो सगळ्यात वाईट राग होता.

परतताना त्या विडीवाल्याच्याच रिक्षात बसलो. त्यानं विचारलं, "अब किधर?" मी गिरणीमागचीला म्हटलं, "सांग गं काकांना, कुठं जायचं." मला वाटलं, ती टाकी, चक्की, निळं दार, सगळं एका दमात सांगेल. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं ओठ आत दुमडून घट्ट मिटले. मी पुन्हा विचारलं. तिनं मान हलवली. शेवटी आईनंच सांगितलं, छावणी, गिरणीजवळ.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिचे वडील माझ्याकडे आले. ओट्याखालीच उभे राहिले, टोपी हातात. मग म्हणाले, "परवा परीक्षा हाय. तिनं आता काय सांगायचं?"

"निळं दार."

"आन मार्क?"

ते टोपी घालून निघाले. जाताना म्हणाले, "घरात इचारलं तरी सांगंना झालीय. आमालाच सांगंना."

सकाळी मी शाळेत गेले. या वेळी बसले नाही आणि चहाची वाटही पाहिली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला खात्री होती की आता तरी माणसाचं तोंड उतरेल. मुख्याध्यापकांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे बघा बाई," ते म्हणाले, "पत्ता पाठ होता म्हणूनच मूल सापडलं."

मी म्हटलं, "अहो, पत्ता खोटा होता म्हणून हरवलं."

"हरवलं गर्दीत. सापडलं पत्त्यावर."

त्या दिवशीच्या प्रार्थनेला त्यांनी ही गोष्ट सगळ्या शाळेला सांगितली. पाठांतराचे फायदे. आपल्या शाळेची एक छोटी विद्यार्थिनी बाजारात हरवली, पण न घाबरता तिनं पोलिसांना पूर्ण पत्ता सांगितला आणि सुखरूप मिळाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गिरणीमागचीला उभं केलं होतं. ती उभी राहिली. मी फाटकाबाहेरून ते बघत होते.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, त्यावर चादर, त्यावर फुलदाणी. तपासणीचे साहेब मध्यमवयीन, भल्या चेहऱ्याचे, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आयांना कुंपणाबाहेर उभं राहायची परवानगी होती. मी गिरणीमागचीच्या आईबरोबर गेले. आदल्या संध्याकाळी वडलांनीच पोरीला माझ्याकडे आणून सोडलं होतं आणि मी तिला ओट्यावर घेऊन बसले होते. तिनं बुटाची नाडी बांधली, बटणं लावली, हात धुतले, सगळं नीट केलं. घराचं विचारलं की गप्प.

आधी वर्गानं एका सुरात सगळं म्हणून दाखवलं. साहेब खूश झाले. मग एकेक मूल व्हरांड्यात बोलवायला सुरुवात झाली. तबेल्याशेजारचा पोरगा आला, प्लॉट नंबर सतरा. शिंप्याच्या माडीवरचा आला, प्लॉट नंबर सतरा. साहेबांनी चष्मा वर केला, पण काही म्हणाले नाहीत. समोर फुलदाणी होती, मागं मुख्याध्यापक उभे होते, आणि अनुदानाचं सगळं बोलणं आधीच झालेलं असावं.

मग गिरणीमागचीची पाळी आली. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी.

"बाळ, तू हरवलीस तर काय करशील?"

"मी घाबरणार नाही. मी पोलीसकाकांना माझे नाव व पत्ता सांगेन." चालीवर, एका दमात.

"शाब्बास. मग सांग बघू, कुठं राहतेस?"

ती गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. वर्गशिक्षिका घाईनं पुढं झाल्या आणि नेहमीच्या तालात त्यांनी अर्धं वाक्य टाकलं, "प्लॉट नंबर?" आतून वर्ग आपोआप ओरडला, "सतरा".

पोरगी म्हणाली, "तिथं मी जाऊन आले. ते म्हणले, ही आमची नाय."

मुख्याध्यापकांचा चेहरा बघायला मला आवडलं असतं, पण माझं लक्ष पोरीवर होतं. साहेब चष्मा काढून तिच्याकडं वाकले. आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "मग बाळ, तू खरोखर राहतेस कुठं?"

कुंपणावरच्या तारेला माझे हात होते. जिभेवर निळं दार होतं. ओरडून सांगावं असं इतकं वाटलं. शेजारी तिची आई होती, तिचेही ओठ हलत होते.

पोरीनं साहेबांकडं सरळ पाहिलं. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पण मी आता कुणालाच सांगणार नाय."

साहेब मागं सरकले. त्यांनी चष्मा लावला, समोरच्या कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढच्या मुलाला पाठवायला सांगितलं. शिक्षिकेनं पोरीच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं. पण आत वर्गाला एकदा सुरुवात करून दिली होती. त्यांचं चालूच होतं, संस्थेचं नाव, स्टेशन रोड, औरंगाबाद, आणि पिनकोड आल्याशिवाय त्यांना थांबायची सवय नव्हती.